रुजू

'महोदय' नंतर एक ओळ मोकळी सोडायची.
शिगवण मेजरांना ती लागतेच.
म्हणतात, सलाम ठोकल्यावर
जरा थांबावं लागतं.

हर्णै बंदरावरून चढण चढलात की
उजव्या हाताला माझं दुकान.
झेरॉक्स, टायपिंग, सातबारा, पॅन कार्ड.
इथे येणाऱ्या कागदांना बांगड्याचा वास असतो.
मेजरांच्या कागदांना कापराचा.
फाइल दोन पिशव्यांत, कसर लागू नये म्हणून,
आणि मसुदा मराठीत,
इंग्रजी वकील बघून घेतो.
"भांडण आपल्या भाषेत मांडलं की
खोटं मिसळत नाही, हेमांगी."

भांडण पिंपांचं.
चाळीस पिंपं रॉकेल, बर्फातल्या चौकीसाठी,
वहीत पोचलेली, चौकीत न पोचलेली.
ह्यांनी सही केली नाही.
त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात
'उत्कृष्ट'च्या जागी 'समाधानकारक' आलं.
हा शब्द मी एकोणीस वेळा टाइप केलाय,
त्यातून कुणाचं समाधान झालेलं पाहिलं नाही.

मग हाताखालची पोरं वर गेली.
मग एका रात्री रागात राजीनामा.
तेवढा एकच कागद
ह्यांच्या आयुष्यात पहिल्या टपालाने मंजूर झाला.

मागणी क्रमांक एक: त्या तारखेपासून बढती.
मागणी क्रमांक दोन: पुन्हा सेवेत रुजू करून घ्यावे.
वय एकाहत्तर.
मी एकदा म्हटलं, सर, दोन नंबर काढूया का?
त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला,
म्हणाले, "टाइप कर."

बाबा घरी म्हणतात, येडा झालाय तुझा मेजर.
आमच्यात तांडेल कसा होतो?
जुन्या तांडेलाला दिसेनासं झालं की
तो सुकाणू हातात देतो, बस.
बाबांनी होडी विकली त्याला सहा वर्षं झाली.
पहाटे अडीचला उठतात,
ओहोटी किती वाजता, मला विचारतात.

निकाल आला मे महिन्यात,
होड्या शाकारायच्या दिवसांत.
ईमेल माझा, म्हणून आधी मी वाचला.
बढती मंजूर, नोशनल.
पेन्शनमधला फरक तीन महिन्यांत.
मागणी क्रमांक दोन:
वयोमर्यादा उलटल्याने विचारात घेता येत नाही.

त्यांनी उभ्यानेच वाचला.
"नोशनलला मराठीत काय म्हणशील?"
काल्पनिक, सर.
"हं. अडली तीही कागदावरच होती."

मी म्हटलं, अभिनंदन, कर्नल.
त्यांनी वळून दाराकडे पाहिलं,
दुसरं कुणी आत आलंय का ते.

सहा पानांचे बारा रुपये मोजून ठेवले,
मग स्टूल ओढलं.
"घे, एक अर्ज."
आता कसला?
"दोन नंबरचा.
एक दिवस मागायचा. फक्त एक.
सकाळी हजेरी, संध्याकाळी निवृत्ती.
पगार नको असं स्पष्ट लिही."

महोदय.
मोकळी ओळ.
खाली सहीच्या जागी मी लेफ्टनंट कर्नल टाइप केलं,
पहिल्यांदाच, स्पेलिंग तपासून तपासून.
स्क्रीनवर बोट टेकवून ते म्हणाले,
"हे खोड.
रुजू होईपर्यंत मेजरच."

खाली बंदरावर लिलावाचा आरडाओरडा,
कुणीतरी सुरमईवर अडून बसलेलं.
शाई संपत आली होती.
प्रिंट निघाली तेव्हा सगळी अक्षरं धड होती,
'रुजू' तेवढं फिकं उठलेलं.
त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं
आणि शाळेतल्या पोरासारखं,
जीभ किंचित बाहेर काढून,
ते गिरवलं.